‘हार्वी’: न दिसणारा ससा आणि त्याच्याबरोबर राहणारी माणसं

मागच्या वेळी ठरल्याप्रमाणे आज ‘हार्वी’. 1950 सालचा, कृष्णधवल, 104 मिनिटांचा अमेरिकी सिनेमा. दिग्दर्शक हेन्री कॉस्टर आणि मुख्य भूमिकेत जेम्स स्टुअर्ट. बहुतेकांनी तो आठवड्यात पाहिला असेल असं धरून आम्ही बोलणार आहोत, त्यामुळे शेवट उघड होणार आहे. ज्यांचा पाहायचा राहिलाय त्यांनी हवं तर इथेच थांबावं, सिनेमा पाहून परत यावं. आम्हाला राग नाही.

गोष्ट अगदी चार ओळींची. एलवूड पी. डाउड हा चाळिशी उलटलेला, लग्न न केलेला, खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. आईनं घर आणि पैसा त्याच्या नावावर ठेवलाय. त्याचा एक जिवाभावाचा मित्र आहे, त्याचं नाव हार्वी. हार्वी हा सहा फूट साडेतीन इंच उंचीचा पांढरा ससा आहे आणि तो इतरांना दिसत नाही. एलवूड त्याच्यासाठी फाटक उघडून धरतो, गुत्त्यात दोन मार्टिनी मागवतो, भेटेल त्याच्याशी त्याची रीतसर ओळख करून देतो. घरात विधवा बहीण व्हीटा आणि भाची मर्टल मे. भाचीचं लग्न जमवायचंय. आता सांगा, मामा हा असा असल्यावर स्थळ येणार कुठून?

म्हणून व्हीटा भावाला ‘चम्लीज रेस्ट’ नावाच्या मनोरुग्णालयात ठेवायला नेते आणि तिथे घोटाळा होतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हाला तो एक गोड सिनेमा वाटला होता. एक निरागस माणूस, एक ससा आणि भोवती सगळं कोरडं जग. वेडा म्हणतात तोच शहाणा आणि शहाणे म्हणवणारेच वेडे, हे आपण कीर्तनात आणि नाटकात इतक्या वेळा ऐकलंय की इंग्रजीतून ऐकलं तरी ओळखीचंच वाटतं. बऱ्याच लोकांना हा सिनेमा आवडतो तो याच कारणासाठी, आणि ते कारण खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण पुढे दोनतीनदा पाहताना आमचं लक्ष एलवूडवरून सरकत सरकत त्याच्या बहिणीकडे गेलं. आज जे काही सांगायचंय ते मुख्यतः तिच्याबद्दल.

आधी थोडा इतिहास, कारण तो असल्याशिवाय गंमत कळत नाही. मूळ नाटक मेरी चेस यांचं. त्या डेन्व्हरच्या, आयरिश वंशाच्या. आयरिश लोककथांतला ‘पूका’ हा प्राण्याच्या रूपात येणारा खोडकर आत्मा त्यांनी रंगमंचावर आणला. आपल्याकडच्या चकव्याचा लांबचा चुलतभाऊ म्हणा, फक्त हा वाट चुकवत नाही, सोबत करतो. नाटक ब्रॉडवेवर आलं 1 नोव्हेंबर 1944 ला, म्हणजे युद्ध चालू असताना, घरोघरी तारा येत असताना. त्याचे 1775 प्रयोग झाले आणि 1945 चा पुलित्झर पुरस्कार त्याला मिळाला. नाटकाचं दिग्दर्शन अँटोनेट पेरी यांचं होतं. ‘टोनी’ पुरस्कार ज्यांच्या नावानं देतात त्याच या बाई. व्हीटाचं काम रंगमंचावर जोसेफिन हल करत होत्या आणि सिनेमातही त्यांनाच घेतलं. त्यांना त्यासाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. स्टुअर्टला फक्त नामांकन. पोस्टरवर स्टुअर्ट, चर्चेत ससा आणि ऑस्कर बहिणीला. आम्हाला हा न्याय बरोबर वाटतो.

स्टुअर्टबद्दल एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हा माणूस युद्धात बॉम्बफेकी विमानं घेऊन जर्मनीवर गेलेला. परत आल्यावर त्याच्या चेहऱ्यात काहीतरी बदललं होतं. ‘हार्वी’ आला त्याच वर्षी त्याचा ‘विंचेस्टर 73’ आला. तिथे तो सूडानं पेटलेला, दात-ओठ खाणारा माणूस आहे. आणि दोन्ही सिनेमांचा छायाचित्रकार एकच, विल्यम डॅनियल्स. एका वर्षात एकाच माणसाचे हे दोन चेहरे. म्हणून एलवूडचा मऊपणा आम्हाला गोगलगायीचा वाटत नाही. तो एकदा डॉक्टरांना सांगतो की पस्तीस वर्षं आपण वास्तवाशी कुस्ती खेळलो आणि अखेर जिंकलो. संवाद हशा घेतो. पण स्टुअर्ट तो हसवण्यासाठी म्हणत नाही. निवृत्त झालेला माणूस नोकरीबद्दल सांगतो ना, तशा आवाजात म्हणतो.

आता कॅमेरा. न दिसणारं पात्र सिनेमात आणायचं कसं? नाटकात प्रेक्षक रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि उरलेलं काम त्यांचं तेच करतात. सिनेमात कॅमेरा जिथे बघेल तिथेच आपण बघणार. कॉस्टरनं उपाय साधा केलाय. तो एलवूडच्या शेजारी जागा सोडतो. चौकट नेहमीपेक्षा थोडी रुंद ठेवायची, माणूस मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवायचा आणि उरलेली जागा हार्वीची. स्टुअर्टची नजर त्या जागेत ठराविक उंचीवर जाते, बरं का, आणि दरवेळी तिथेच जाते. तो स्वतः सव्वासहा फुटांच्या आसपास होता, तरी मान थोडी वर करून बघतो. अर्ध्या तासात आपल्याला त्या रिकाम्या जागेची सवय होते. मग एखाद्या दृश्यात एलवूड एकटाच चौकटीत मधोमध आला की चुकचुकल्यासारखं होतं. कुणीतरी नाहीये! ही जादू पैशानं किंवा यंत्रानं झालेली नाही, शिस्तीनं झालीय.

हार्वीचं रूप आपल्याला एकदाच दिसतं, तेही तैलचित्रात. एलवूड आपलं आणि हार्वीचं चित्र काढून घेतो आणि दिवाणखान्यात आईच्या तसबिरीवर ते ठेवून देतो. पुढे डॉक्टर चम्ली घरी येतात. व्हीटा त्यांना कलेवर व्याख्यान देते. फोटोत फक्त वास्तव असतं, चित्रात वास्तवामागचं स्वप्नही असतं, असं काहीतरी. आणि हे सांगताना तिची पाठ चित्राकडे आहे! तिला वाटतंय की मागे आईची तसबीर आहे. डॉक्टरांना मात्र समोर सूट घातलेला माणूस आणि त्याच्या खांद्यामागे बो-टाय लावलेला भलामोठा ससा दिसतोय. विनोद म्हणून हे फक्कड आहेच. पण बघा, लेखिकेनं सिनेमातलं सगळ्यात खरं वाक्य व्हीटाच्या तोंडी घातलंय, आणि आपण काय बोललो हे तिलाच ठाऊक नाही.

आता त्या मनोरुग्णालयाच्या घोटाळ्याकडे येऊ. आमच्या मते सिनेमाचा कणा हा आहे.

व्हीटा तरुण डॉक्टर सँडरसनला भावाबद्दल सांगायला बसते. ती घाबरलेली आहे, रडतेय, शब्द सापडत नाहीत. सांगता सांगता तिच्या तोंडून निघून जातं की तो ससा कधी कधी मलाही दिसतो. झालं! डॉक्टर ठरवतो की रोगी हीच. तिला उचलून आत नेतात आणि एलवूडची माफी मागून त्याला सोडून देतात. एलवूड बिचारा दर दोन मिनिटांनी हार्वीची ओळख करून द्यायला जातो, पण दर वेळी कुणीतरी त्याचं वाक्य तोडतं. तो लपवत काहीच नाही. कुणी ऐकलं असतं तर घोटाळा एका मिनिटात मिटला असता. शेवटी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतं कोण? फाटकाजवळ भेटलेल्या मिसेस चम्ली, डॉक्टरांच्या बायको. त्या नवऱ्याला सहज विचारतात, पूका म्हणजे काय हो? तेव्हा कुठे हॉस्पिटलचे डोळे उघडतात.

म्हणजे हिशेब असा झाला. जी बाई घाबरून, अडखळत खरं बोलली ती आत गेली. जो माणूस नम्रपणे, नीट कपडे घालून, हसतमुखानं बोलला तो बाहेर राहिला. या दोघांत ‘वेडं’ कोण हे ठरवताना ससा कुणाला दिसतो हे कुणीच बघितलं नाही. सूर कुणाचा सुटलाय एवढंच बघितलं.

इथे आम्हाला सिनेमाशी भांडायचंय. वॉर्डबॉय विल्सन व्हीटाला उचलून नेतो, बळजबरीनं तिचे कपडे काढून पाण्याच्या टबात घालतात. ती विस्कटलेल्या केसांनी घरी येते आणि काय झालं ते सांगते, आणि हे सगळं सिनेमा हशासाठी वापरतो. वर तोच विल्सन पुढे भाचीचा प्रियकर होतो! 1950 मध्ये थिएटर हसलं असेल. आज तिथे हसू अर्ध्यावर अडकतं. जोसेफिन हल हे दृश्य विनोदी ढंगानंच करतात, पण त्यांच्या डोळ्यांत जो अपमान आहे तो खरा आहे. दिग्दर्शकाला तो दिसला की नाही, सांगता येत नाही. त्यांनी मात्र तो तिथे ठेवलाय.

दुसरं भांडण दारूचं. एलवूड दिवसभर चार्लीच्या गुत्त्यात असतो, पण त्याला कधी चढत नाही, हात थरथरत नाहीत, पैसे संपत नाहीत. बिली वाइल्डरचा ‘द लॉस्ट वीकएंड’ पाच वर्षं आधी, 1945 मध्ये येऊन गेला होता. बाटली माणसाचं काय करते ते हॉलीवूडला माहीत होतं. ‘हार्वी’ तिकडे बघायचंच टाळतो. ज्यांच्या घरात पिणारा माणूस आहे त्यांना हे गोड वाटणार नाही, आणि त्यांनी ते गोड मानावं असं आम्ही सुचवणारही नाही. मात्र गुत्त्यातल्या लोकांबद्दल एलवूड बोलतो ते दृश्य बघाच. गुत्त्यामागच्या बोळात, तरुण डॉक्टर आणि नर्ससमोर, हार्वी पहिल्यांदा कसा भेटला ते तो सांगतो. तो एका मित्राला टॅक्सीत बसवून परत निघाला होता, दिव्याच्या खांबाला टेकून एक ससा उभा होता आणि त्यानं नावानं हाक मारली. एलवूडला याचं नवल वाटलं नाही, कारण त्या गावात त्याला सगळेच ओळखतात. मग तो म्हणतो की गुत्त्यात लोक येतात ते आपल्या मोठमोठ्या चुका आणि मोठमोठ्या आशा घेऊन, लहान काही कुणी आणत नाही. आणि मग मी त्यांची हार्वीशी ओळख करून देतो. इथे स्टुअर्टचा आवाज किंचित खाली येतो. ते लोक सहसा परत येत नाहीत, असं तो सांगतो. क्षणभर, एकच क्षण, या आनंदी माणसाचा एकटेपणा उघडा पडतो. त्याला स्वतःला तो जाणवतो का? आम्हाला वाटतं, जाणवतो. तो ते हेवा म्हणून हसण्यावारी नेतो.

इथे थोडं विषयांतर. मराठी प्रेक्षकाला ‘हार्वी’ बघताना ‘लगे रहो मुन्नाभाई’ आठवल्याशिवाय राहत नाही. 2006 चा, राजकुमार हिरानींचा सिनेमा, आणि त्यातले गांधीजी म्हणजे आपले दिलीप प्रभावळकर. तिथेही मुन्नाला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही. तिथे मात्र सिनेमा भर सभेत सिद्ध करून दाखवतो की बापू म्हणजे मुन्नाच्या मेंदूतला ‘केमिकल लोचा’, कारण मुन्नाला जे ठाऊक नाही त्याचं उत्तर बापूंनाही देता येत नाही. आणि इतकं सिद्ध करूनही शेवटी बापू खलनायक लकी सिंगला दिसायला लागतात. ‘हार्वी’तही डॉक्टर चम्ली, म्हणजे संस्थेचे प्रमुख, शेवटी सशाच्या नादी लागतात. फरक मोठा आहे. बापू मुन्नाला कामाला लावतात, सत्य बोलायला लावतात. हार्वी काहीच करायला लावत नाही. तो घड्याळ थांबवू शकतो, तुम्हाला हव्या त्या जागी, हव्या त्या माणसाबरोबर, हवा तितका वेळ नेऊ शकतो. चम्ली हे ऐकतात आणि लगेच त्यांचं स्वप्न बाहेर पडतं: अॅक्रनजवळची एक जागा, झाडं, थंड बिअर आणि एक अनोळखी बाई, जी त्यांच्या कपाळावरून हात फिरवत ‘बिच्चारा’ म्हणेल, बाकी काही बोलणार नाही. एलवूडला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, त्या बाईला बोलू द्यायला हवं. आणि तो स्वतः कुठेच गेलेला नाही. जिथे आहे, ज्यांच्याबरोबर आहे, तिथेच त्याला मजा येते.

आता शेवटाकडे. इथे पुन्हा व्हीटा.

हॉस्पिटलकडे एक इंजेक्शन आहे, ‘फॉर्म्युला 977’. ते टोचलं की हार्वी कायमचा जाणार. यावर हसण्याआधी एक तारीख लक्षात घ्या. 1949 मध्ये, म्हणजे सिनेमाच्या आदल्याच वर्षी, पोर्तुगालचे एगास मोनिझ यांना मेंदूचे धागे कापणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी वैद्यकाचं नोबेल मिळालं होतं. माणूस कापून ‘शांत’ करता येतो, यावर त्या काळी सभ्य लोकांचा विश्वास होता. तेव्हा 977 हा नुसता विनोदी आकडा नाही.

एलवूडला विचारतात, तर तो म्हणतो, व्हीटाला हवंय का? मग घेतो. कसला वाद नाही, रडारड नाही. तो आत जातो. बाहेर टॅक्सीवाला भाडं मागायला येतो, आणि व्हीटाला पर्समधलं नाण्यांचं पाकीट सापडत नाही. म्हणून ती भावाला बाहेर बोलावते. एलवूड पैसे देतो, ड्रायव्हरच्या घरची चौकशी करतो, त्याला जेवायलाही बोलावतो आणि परत आत जातो. मग ड्रायव्हर व्हीटाला सांगतो की या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं माणसं आणतोय आणि नेतोय. येताना ती मागे रेलून बसतात, सूर्यास्त बघतात, पाखरं नसली तरी पाखरं बघतात, भरपूर बक्षिशी देतात. इंजेक्शन घेऊन जाताना मात्र गाडी नीट चालव म्हणून ओरडतात आणि बक्षिशी देत नाहीत. आता हाही नॉर्मल होईल, आणि नॉर्मल माणसं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि व्हीटा धावते. दार बडवते, ओरडून इंजेक्शन थांबवते.

जोसेफिन हल यांचा चेहरा इथे पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. ससा खरा आहे असं तिला पटलेलं नाही. उद्या मुलीचं लग्न जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पाहुणे तोंड फिरवतील, हसं होईल, आणि हे सगळं तिलाच निस्तरायचंय, एलवूडला नाही. एवढं सगळं ठाऊक असून ती म्हणते की मला भाऊ असाच हवा. एलवूडचा चांगुलपणा फुकटचा आहे, त्याच्याजवळ घर आहे, पैसा आहे आणि ससा आहे. व्हीटाच्या चांगुलपणाला किंमत पडते.

हे आम्हाला का भिडलं ते सांगायला हवं. आमच्या घरात एक काका होते. ते अंगणातल्या पेरूखाली बसून कुणाशी तरी बोलत, मध्येच हसत. पुढे ते बोलणं रात्रीही चालू झालं, झोप गेली, जेवण सुटलं, आणि घरच्यांनी उपचार सुरू केले. ते बरोबर होतं. काकांना झोप लागायला लागली, भीती गेली, याबद्दल आम्ही आजही कृतज्ञ आहोत. औषधाविरुद्ध बोलायला कुणी ‘हार्वी’ वापरत असेल तर आम्ही त्याच्या बाजूला नाही. एलवूड कुणाला घाबरत नाही आणि त्याचे हाल होत नाहीत, हा फरक फार मोठा आहे. पण बरे झाल्यावर काका पेरूखाली बसायचे ते गप्प. आणि आमची आजी, जिनं त्या बोलण्यापायी लोकांचे टोमणे सर्वांत जास्त खाल्ले होते, ती त्यांच्या शेजारी पाट टाकून बसायची. ती काय बोलायची ते आम्ही कधी ऐकलं नाही. व्हीटा दार बडवते तेव्हा आम्हाला आजी दिसते.

असो. एका श्रोत्यानं आधीच विचारून ठेवलंय की शेवटी ससा खरा धरायचा की खोटा? सिनेमा पुरावे देतो. डॉक्टरांना एक हॅट सापडते, तिला कानांसाठी दोन भोकं पाडलेली. दारं आपोआप उघडतात. विल्सन ज्ञानकोशात ‘पूका’चा अर्थ वाचायला घेतो, तर वाचता वाचता मजकूर त्यालाच नावानं विचारतो, कसं काय चाललंय? व्हीटाचं ते पाकीटही नंतर त्याच पर्समध्ये सापडतं, आणि तिला वाटतं, हे हार्वीचंच काम. नाटकापेक्षा सिनेमा सशाच्या बाजूनं जरा जास्तच झुकलाय, आम्हाला थोडं कमी चाललं असतं. पण एक लक्षात घ्या, पाकीट सापडायच्या आधीच व्हीटानं दार बडवलेलं आहे. तिनं निर्णय घेतला तेव्हा तिच्याजवळ पुरावा नव्हता.

आणि फाटक. हार्वी डॉक्टर चम्लींकडे राहणार असं ठरतं. एलवूड ‘ठीक आहे’ म्हणतो आणि एकटा बाहेर येतो. पहिल्यांदाच त्याच्या शेजारची जागा खरोखर रिकामी आहे, आणि स्टुअर्ट नुसता चालतो, चेहऱ्यानं काही सांगत नाही. मग तो वळतो. परत आलेल्या मित्राला तो म्हणतो की मलाही तूच जास्त आवडतोस. पुढच्या वेळी बघाल तेव्हा या दृश्याच्या आधीचे दोन मिनिट आवाज बंद करून बघा, फक्त ती मोकळी जागा बघत. तेवढ्यासाठी आम्ही हा सिनेमा चौथ्यांदा लावला होता.